दुसऱ्या गिअरचे दात

भिकाजी भोई आमच्या पणजेसासऱ्यांचा मेणा वाहत असे. त्याचा मुलगा सखोबा याने आजेसासऱ्यांची घोडागाडी हाकली. सखोबाचा मुलगा धाकू याने आमच्या घराण्यातली पहिली मोटार चालवली. आणि धाकूचा मुलगा परशराम, ज्याची ही हकीकत आहे, तो एकोणीसशे छप्पन सालच्या वैशाखात, सकाळी नऊच्या सुमारास, आमच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये अनवाणी उभा राहून माझ्या यजमानांना सांगत होता, "पेटी उघडा, धाकटे सरकार. माझ्या तोंडाकडं बगू नका. पेटी उघडा."

पेटी म्हणजे मोटारीची गिअरपेटी. ती मोटारीतून उतरवून फरशीवर गोणपाटावर ठेवली होती आणि तिच्यातून काळे तेल ठिबकत होते. बेळगावचा इब्राहिम मिस्त्री तिच्याशेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या हातात पाना होता आणि नजर हुकमासाठी माझ्या सासऱ्यांकडे लागली होती. सासरे, म्हणजे आमचे आबासाहेब, आरामखुर्चीत होते. मांडीपासून पावलापर्यंत त्यांच्या उजव्या पायाला प्लास्टर होते.

"तोंड दाखवायला जागा राहिली आहे का तुला?" यजमान म्हणाले. "बापाच्या वयाच्या माणसाचा पाय मोडलास. पेटीची वाट लावलीस ती लावलीस, वर आम्हालाच हुकूम सोडतोस?"

"हुकूम न्हाई, सरकार. घाटात चालत्या गाडीला पहिला गिअर घालायची येळ येती. घाटात गाडी माज्याबिगर कोण नेत न्हाई. म्हंजे पहिल्या गिअरचे दात हा माजा हात. ते बगा. मग दुसऱ्याचे बगा. दोन्ही सारखे झिजलेले असतील तर मला पायताणानं मारा."

"आणि नसतील तर?"

परशरामची नजर पेटीवरच होती. मी दिवाणखान्याच्या दारात उभी होते. त्याने दाराकडे पाहिले नाही.

तीन दिवसांपूर्वी आबासाहेब एका सोयरिकीच्या बोलणीसाठी सावंतवाडीस निघाले होते. आंबोलीचा घाट उतरताना मोटार दुसऱ्या गिअरात होती. त्या उताराला नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नसतो, इंजिनाने मोटार धरून ठेवायची असते. एका वळणावर गुरे आडवी आली, परशरामने दोन्ही हातांनी चाक वळवले, आणि त्याच क्षणी गिअर आपण होऊन सुटला. मोटार मोकळी सुटली. डावीकडे दरी होती. त्याने ती उजवीकडे डोंगराच्या अंगावर घातली, पन्नास-साठ हात खडकाला घासत नेली आणि थांबवली. आबासाहेबांचा पाय मोडला. जीव मात्र वाचला.

ही मोटार छत्तीस सालची, विलायती. आबासाहेबांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराकडून घेतली होती. यजमानांची दृष्टी अधू असल्यामुळे ते चाकावर कधी बसले नाहीत. त्या चाकावर दोनच माणसांचे हात असत. एक परशराम, आणि दुसरी मी.

पंचक्रोशीत मोटार चालवणारी मी पहिली स्त्री. आबासाहेबांचीच ती इच्छा होती. "देसायांची सून मागे बसणार नाही," असे त्यांनी भरल्या पंगतीत सांगितले होते. चोपन्न साली परशरामने मला शिकवायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात मी हिरण्यकेशीच्या पुलापर्यंत एकटी जाऊन येऊ लागले. सगळे मला जमले. एकच गोष्ट जमली नाही. खरे सांगायचे तर ती मी जमवून घेतली नाही.

"वैनीसाब, दोन डाव क्लच," तो पहिल्या दिवसापासून सांगत असे. "वरच्या दोन गिअरांना मधी मध्यस्थ हाय, ते आपलं आपण जुळवून घेत्यात. खालच्या दोघांना कोण न्हाई. क्लच दाबा, दांडी मधी आणा, क्लच सोडा. आता थांबा. एवढासा ॲक्सिलेटर द्या. आतल्या चाकाची फिरकी वाढली की परत क्लच, आणि मग खाली. गिअर मागून घ्यायचा असतो."

"आणि न मागता घेतला तर?"

"तर तो देतो, वैनीसाब. पण त्याचा एक कण तुटतो."

मला तो मधला ॲक्सिलेटर खुपत असे. मोटार भर रस्त्यात अशी गुरगुरली की शेतातली माणसे माना वर करून पाहत. मोटार चालवणे निराळे आणि तिच्याकरवी गर्जना करवणे निराळे, घरंदाज बाईला ते शोभत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. थांबणे तर मला मुळातच ठाऊक नव्हते. मी क्लच एकदाच दाबी आणि दांडी शांतपणे, पण बळाने, खाली ओढी. करकर असा एक बारीक आवाज येई आणि विरून जाई. त्या करकरीपेक्षा मला ती गुरगुर जास्त असभ्य वाटे.

बंगला टेकाडावर आहे. रस्ता सोडून फाटकाकडे वळले की चढ लागतो आणि तिथे दुसरा गिअर घ्यावाच लागतो. दोन वर्षे, रोज संध्याकाळी, त्या चढावर ती करकर झाली. आबासाहेब त्या वेळी व्हरांड्यात आपल्या याच आरामखुर्चीत बसलेले असत. "आली का सूनबाईची स्वारी," एवढेच म्हणत.

छप्पनच्या चैत्रात एके दिवशी परशराम मागच्या दारी आला. हातात पत्र्याची वाटी होती आणि वाटीत पेटीतले तेल. ते त्याने उन्हात धरले. तेलात चांदीसारखा चुरा चमकत होता.

"काय आहे हे?"

"दुसऱ्याचे दात, वैनीसाब. टोकं घासून निमुळती झाल्यात. आता ओझं आलं की दातावरनं दात घसरतो आणि गिअर सुटतो. चढाला काय होत न्हाई. उताराला सुटतो. मी सध्या उताराला डाव्या हातानं दांडी दाबून धरतो. पण एका हातानं घाट किती दिवस उतरायचा? थोरल्या सरकारांच्या कानावर घालतो."

"काय घालणार आहेस कानावर?"

"पेटी उघडून दुसऱ्याचं दातांचं चाक नवं घालाय हवं, एवढंच."

"पेटी उघडली की कशाने झाले, हे विचारतील."

त्याने वाटी उन्हातून काढून सावलीत घेतली.

"पावसाळ्यात मोटार उभीच असते," मी म्हणाले. "तेव्हा काय ते पाहू. तोवर कोणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. समजले?"

"वैनीसाब, गिअरला पावसाळा कळत न्हाई."

"मला उलट उत्तर दिलेले चालत नाही, परशराम."

त्याने वाटीतले तेल केळीच्या आळ्यात ओतले आणि निघून गेला. पंधरवड्यात ती गुरे आडवी आली.

तेव्हा पोर्चमध्ये तो पेटी उघडा म्हणत होता, याचा अर्थ काय होता हे तिथे दोनच माणसांना ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. त्याचा अन्नाचा घास आणि त्याच्या चार पिढ्यांचे नाव त्या आठ बोल्टांच्या आत होते. आणि माझेही.

"साहेब, पाच मिनिटांचं काम आहे," इब्राहिम मिस्त्री म्हणाला. "दात कुणाची भीड धरत नाहीत."

यजमान क्षणभर घुटमळले. आता हो म्हणतील असे मला दिसले. मी उंबरा ओलांडून पोर्चमध्ये आले.

"पेटी उघडायची नाही," मी म्हणाले. "या घरचा न्याय मिस्त्रीच्या पान्याने होत नाही. मोटार याच्या हातात होती, पाय आबासाहेबांचा मोडला. यात पाहायचे काय राहिले? नवी पेटी मागवा आणि ही गोदामात टाका."

परशरामने त्या सकाळी प्रथमच माझ्याकडे पाहिले.

"वैनीसाब, हे तुमी म्हंता?"

"मी म्हणते."

त्याने मान वळवली आणि आबासाहेबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता. "थोरले सरकार, तुमी सांगा. आजवर तुमच्याकडं काय मागितलं न्हाई. एकडाव उघडू द्या. न्हाईतर मला तोंड उघडाय लागंल."

आबासाहेबांनी डोळे मिटले होते. ते उघडले आणि अगदी मायेच्या सुरात त्यांनी विचारले, "परशा, धाकू कसा आहे रे?"

परशराम दचकल्यासारखा झाला. "बा? हाय. अंथरुणावर हाय."

"त्याची काळजी घे."

एवढेच. यजमान वैतागून दुसरीकडे पाहू लागले, म्हातारपणी बोलणे भरकटते म्हणून. परशराम मात्र तसाच उभा राहिला. मग त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे, किंवा चढल्यासारखे, झाले. "जी," तो म्हणाला. वाकून त्याने गोणपाटाची टोके पेटीवर ओढली आणि मिस्त्रीला म्हणाला, "बांधा, मिस्त्री."

तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी तिथेच उभी होते. माझा शब्द चालला, असे मला वाटले. माझ्या शब्दापुढे त्याचा धीर सुटला, असेच मी पुढे पस्तीस वर्षे मानत आले.

पंधरा दिवसांनी तो दाखला मागायला आला. त्या काळी आधीच्या मालकाच्या दाखल्याशिवाय कोणी चाकावर बसवत नसे. यजमानांनी लिहिले, 'वागणूक प्रामाणिक. परंतु गिअर बदलण्यात निष्काळजी. त्यामुळे गिअरपेटी निकामी होऊन अपघात घडला.' शाई ओली होती. टीपकागद मी ठेवला आणि तळहाताने दाबला.

त्या कागदानिशी तो निपाणीस गेला, बेळगावास गेला, कोल्हापुरास गेला. कुठेही उभे करून घेतले नाही. ज्याच्या हाताखाली गिअर कधी करकरला नाही, त्याला लोक पेटीमोड्या म्हणू लागले. पुढे तो आपल्या गावी पिठाच्या गिरणीवर लागला, कालांतराने ती गिरणी त्याचीच झाली, असे कानावर आले. मुलाला त्याने शिवणकाम शिकवले, मोटारीला हात लावू दिला नाही, हेही आले. धाकू त्याच पावसाळ्यात वारला. आबासाहेब एकसष्ट साली गेले. मी नंतर मोटार चालवली नाही. का सोडली असे कोणी विचारले, की घरच्या व्यापातून सवड होत नाही, असे मी सांगत असे.

यजमान नव्वद साली गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी बेळगावाहून इब्राहिम मिस्त्रीला बोलावून घेतले. तो फार म्हातारा झाला होता. गोदामातून पेटी काढायला लावली आणि त्याच पोर्चमध्ये ती उघडवली. पहिल्या गिअरचे दात नव्या नाण्याच्या कडेसारखे तीक्ष्ण होते. दुसऱ्याचे दात चघळलेल्या दातवणासारखे.

"तुम्हाला आश्चर्य वाटलेले दिसत नाही, मिस्त्री."

"कशाचं, बाईसाहेब? त्या दिवशी पेटी उतरवताना तेल माझ्या हातावर सांडलं होतं. चुरा बघितला होता मी. आणि थोरल्या साहेबांना तर मी यायच्या आधीपासून ठाऊक होतं."

"कशावरून?"

"तेच म्हणाले मला. मिस्त्री, दोन वर्षं रोज संध्याकाळी ऐकतोय, म्हणाले. सुनेला बोलायचं कसं, म्हणाले."

मी त्याला दुसऱ्या गिअरचे ते चाक सोडवून द्यायला सांगितले. रुमालात बांधले आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या मोटारीने परशरामच्या गावी गेले.

गिरणीपुढे बायका डबे घेऊन रांगेत होत्या. परशराम आत होता. भुवया, मिशा, मानेवरचे केस, सगळे पिठाने पांढरे, त्यामुळे म्हातारपण किती आणि पीठ किती ते कळत नव्हते. मला पाहून त्याने गिरणी थांबवली. मी रुमाल सोडला आणि चाक त्याच्यापुढच्या लाकडी फळीवर ठेवले. त्याने ते उचलले, एका दातावरून अंगठा फिरवला, परत ठेवले.

मी जे करायला आले होते ते चारचौघांत करायचे ठरवून आले होते. बायकांकडे वळून मी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी ऐका. या माणसावर पस्तीस वर्षांपूर्वी..."

परशरामने खटका दाबला. पट्टा फिरू लागला, जाते घरघरले आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. बायका माझ्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत होत्या. त्याने पुढचा डबा ओढून घेतला आणि त्यातली ज्वारी वर ओतली.

रांगेत अकरा डबे होते. एक मुलगी मला बसायला रिकामे पोते टाकून देऊन गेली. मी बसले. माझ्या आयुष्यात मी कोणासाठी इतका वेळ बसले नव्हते. शेवटची बाई डबा डोक्यावर घेऊन गेली तेव्हा त्याने गिरणी बंद केली आणि उपरण्याने तोंड पुसले.

"ह्या बाया तवा जन्माला आल्या नव्हत्या," तो म्हणाला. "त्यास्नी सांगून काय करणार?"

"मग कोणाला सांगू?"

"कोणालाच नको. मी हाय तवर तरी नको. चहा घेणार?"

"परशराम, त्या दिवशी तू माझे नाव घेतले असतेस तर मी नाकारू शकले नसते. पेटी समोर होती. तू का थांबलास? मला भ्यालास?"

त्याला हसू आले. खरोखरचे हसू होते ते, आणि तेच मला जास्त लागले.

"तुमाला? न्हाई, बाई."

वैनीसाब हा शब्द त्याने टाकून दिला होता.

"थोरल्या सरकारांनी त्या दिवशी बाची चौकशी केली, ती ऐकली का तुमी? तुमच्या लग्नाच्या आदीची गोष्ट हाय, एकतीस सालची. निपाणीच्या रस्त्याला बाच्या चाकाखाली एक माणूस गेला. बाला चाकावर झोप लागली होती. बाला सहा-सात वर्सांची सजा झाली असती. मी तीन वर्सांचा, आई दुसऱ्यांदा पोटुशी. कोरटात सरकार हुबं ऱ्हायले आणि म्हणाले, चाकावर मी होतो. देसाई मानूस, दंडावर सुटले. पन सगळ्या मुलखात त्येंचं नाव झालं, देसायानं मानूस मारला. त्यांनी ते सोसलं. घरात कुनाला खरं सांगितलं न्हाई. बानं मला सांगितलं, हे माज्यानं फिटायचं न्हाई, परशा. ते कदी मागतील तवा तू फेड."

"आणि त्या दिवशी..."

"मागितलं. पंचवीस वर्सांत एकदाच मागितलं, ते बी बाची तब्येत इचारून. मोठा मानूस. मी रात्री बाला जाऊन सांगितलं. तो रडला, आणि मग लई दिवसांनी पोटभर जेवला."

बाहेर भाड्याच्या मोटारीचा चालक हॉर्न वाजवत होता. मला उठवेना. इतकी वर्षे मी ज्या अपराधाचे ओझे वाहिले, तो अपराधही माझा एकटीचा नव्हता. तो दोन पुरुषांनी माझ्या डोक्यावरून आपसात मिटवला होता, आणि मी मधे उभी राहून हुकूम सोडत होते.

"आणि माझे?" मी विचारले. "मी तुझे जे केले, त्याचे काय? त्याची फेड मी कशी करायची, ते सांग. तू सांगशील ते करीन."

परशरामने चाक पुन्हा रुमालात बांधले, गाठ मारली आणि माझ्या हातात दिले.

"तुमच्याकडं मी कदी काय ठेवलंच न्हाई, बाई. तुमी काय फेडणार?"

परशराम गेल्या मार्गशीर्षात वारला. म्हणून हे लिहिले. त्या दुपारी त्याच्या सुनेने बशीत ओतून दिलेला चहा मी घेतला. त्याच्या घराण्याच्या चार पिढ्यांत आमच्या घरच्या माणसाने त्यांच्याकडे घेतलेला तो पहिला घोट. परशराम समोर उभा होता, बसला नव्हता. बशी रिकामी झाल्यावर मी उठले आणि सवयीने म्हणाले, "येते. धाकूच्या माघारी तूच आमच्या घरचा..."

"बाचं देणं तेवढं होतं," परशराम म्हणाला. "ते त्या दिवशी पोर्चमधी फिटलं. पुरतं फिटलं."

आणि त्याने गिरणीचे दार ओढून घेतले.